अर्धशिशीची गोळी : वेळेवर आणि मोजून

डोके कोणाचे दुखत नाही? उन्हात हिंडले की दुखते. जागरण झाले की दुखते. चहाची वेळ टळली तरी दुखते. तांब्याभर पाणी प्यावे, घटकाभर पडावे, की थांबते. अशा दुखण्याची कोणी फारशी फिकीर करीत नाही.

पण एक दुखणे असे सहज सोडत नाही. डोक्याची एकच बाजू धरते. आत घण घातल्यासारखे ठणकते. मळमळते, ओकारी होते. उजेड सोसत नाही. भांड्याचा आवाजही डोक्यात शिरतो. माणूस अंधाऱ्या खोलीत जाऊन पडतो. यालाच आपण अर्धशिशी म्हणतो. डॉक्टर तिला मायग्रेन म्हणतात.

अर्धशिशीवर आज चांगल्या गोळ्या आहेत. पण गोळी म्हणजे चणेफुटाणे नव्हेत. ती केव्हा घ्यावी, किती घ्यावी आणि कोणी घेऊ नये, हे समजून घेतले पाहिजे. या धड्यात तेच सांगितले आहे.

अर्धशिशी कशी ओळखावी?

अर्धशिशी चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत राहते. मग उतरते. काही दिवसांनी पुन्हा उठते. मधल्या काळात माणूस ठणठणीत असतो. काहींना डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे चकाकणाऱ्या वाकड्यातिकड्या रेघा दिसतात. काहींना दोन्ही बाजूंनीही दुखते. पुरुषांपेक्षा बायकांना हा त्रास सुमारे तिप्पट होतो. पाळीच्या दिवसांत तो अनेकींना जास्त होतो.

हे भूतबाधेचे काम नाही. कामचुकारपणाचे सोंगही नाही. हा मेंदूचा आणि मज्जातंतूंचा आजार आहे. एकाच घरात आईला, लेकीला, नातीला तो असू शकतो. सून अंधारात पडली म्हणून तिला बोल लावू नये.

आपल्या सोलापूरकडे अर्धशिशी उठायला कारणे पुष्कळ. चैत्र-वैशाखातले ऊन चाळीस अंशांच्या वर जाते. यंत्रमागाची खडखड दिवसभर चालते. विड्या वळणाऱ्या बाया मान खाली घालून तासन्‌तास बसतात, जेवायची वेळ टाळतात. एकादशीचा कडक उपास, गड्ड्याच्या जत्रेतले जागरण, कमी पाणी पिणे, यांनीही डोके उठते.

पहाटे दूध-जिलबी खाल्ली की अर्धशिशी जाते, असे जुनी माणसे सांगतात. जिलबी हे काही औषध नव्हे. पण उपाशी पोटी अर्धशिशी उठते, हे मात्र खरे. म्हणून वेळेवर भाकरी खावी. सुंठेचा लेप लावला तर बिघडत नाही. पण चुना लावू नये, कातडी भाजते. डाग तर कधीच देऊ नये.

गोळ्यांच्या तीन जाती

अर्धशिशी उठल्यावर घ्यायच्या गोळ्या मुख्यतः तीन जातींच्या आहेत.

पहिली जात साध्या दुखण्याच्या गोळ्यांची. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही त्यांची नावे. पुष्कळांचे काम यांवरच भागते.

दुसरी जात अर्गोटामिनची. ही बहुधा दुसऱ्या औषधांत मिसळलेली मिळते. एकाच गोळीत तीन-चार औषधे असतात.

तिसरी जात ट्रिप्टानची. सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान ही तिची नावे. सुमाट्रिप्टान १९९१ साली परदेशात पहिल्यांदा वापरात आले. आता ते आपल्याकडेही मिळते. या गोळ्या खास अर्धशिशीसाठीच केलेल्या आहेत. दुसऱ्या डोकेदुखीवर त्या घेऊ नयेत.

दुसऱ्या आणि तिसऱ्या जातीच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत. त्या किती जोरकस असतात, हे शेतकऱ्याला एका उदाहरणावरून पटेल.

बाजरीवरचा अरगट

बाजरी फुलोऱ्यात असताना पाऊस आणि ढगाळ हवा राहिली, तर कणसातून मधासारखा चिकट पाक गळतो. मागाहून दाण्याच्या जागी काळपट, कठीण कण धरतात. हा अरगट रोग. एक बुरशी तो आणते. अशी बाजरी खाल्ली की मळमळते, उलट्या होतात, चक्कर येते, गुंगी येते. १९५० ते १९६० या दहा वर्षांत तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी विषबाधा झाली होती.

म्हणून शेतकरी बी मिठाच्या पाण्यात टाकतात. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ घालतात. वर तरंगणारे बी काढून जाळतात. खाली बसलेले बी दोनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवतात आणि मग पेरतात.

युरोपात राय नावाच्या धान्यावर याच कुळातली दुसरी बुरशी येते. ती बाजरीवरच्या बुरशीहून भयंकर. जुन्या काळी त्या धान्याची रोटी खाऊन लोकांच्या हातापायांच्या रक्तवाहिन्या आखडत. बोटे काळी पडत, झडून जात. याच बुरशीतून १९१८ साली स्वित्झर्लंड देशात आर्थर स्टोल या शास्त्रज्ञाने अर्गोटामिन वेगळे काढले. पुढे ते अर्धशिशीवर वापरू लागले.

विष तेच आणि औषधही तेच. फरक मापाचा. मापात घेतले तर डोके उतरते. माप सोडले तर हातपाय गार पडतात, बधिर होतात, बोटे निळी पडतात. असे काही दिसले तर पुढची गोळी घेऊ नये. त्याच वेळी डॉक्टरकडे जावे.

गोळी केव्हा घ्यावी?

डॉक्टरने गोळी ठरवून दिली असेल, तर ती दुखणे सुरू होताच घ्यावी. 'आधी भाकऱ्या थापते, मग बघू' असे म्हणू नये. अर्धशिशी चढली की पोटाचे काम मंदावते. मग गोळी पोटात तशीच पडून राहते, किंवा ओकारीबरोबर बाहेर येते. उशिरा घेतलेल्या दोन गोळ्यांपेक्षा वेळेवर घेतलेली एक गोळी बरी.

गोळी पाण्याबरोबर घ्यावी. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन या गोळ्या उपाशी पोटी घेऊ नयेत. ओकारी होत असेल तर डॉक्टर त्यावरही गोळी देतात. मग अंधारात, शांत जागी पडावे.

एका गोळीने थांबले नाही, म्हणून लगेच दुसरी घेऊ नये. ट्रिप्टानचा गुण मुळीच आला नाही, तर त्याच दुखण्यात ती पुन्हा घेऊ नये. गुण येऊन दुखणे परत उलटले, तर दुसरी घेता येते. पण मध्ये निदान दोन तास गेले पाहिजेत, आणि डॉक्टरने तसे सांगितलेले असले पाहिजे. अर्गोटामिन आणि ट्रिप्टान एकाच दिवशी कधीही घेऊ नये. दोहोंत चोवीस तासांचे अंतर लागते.

पॅरासिटामॉल सर्दीच्या आणि तापाच्या गोळ्यांतही असते. दोन वेगळी पाकिटे म्हणजे दोन वेगळी औषधे, असे समजू नये. नाहीतर नकळत दुप्पट पोटात जाते. त्याने काळीज बिघडते. दारू पिणाऱ्याला हा धोका अधिक.

गोळीनेच डोके दुखते

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. समजा, उपकेंद्रात एक बाई आली आहे. तिचे आणि नर्सबाईचे बोलणे ऐका.

"बाई, डोस्कं रोजच दुखतंय. गोळी खाल्ल्याबिगर दिवस जात न्हाई."

"मावशी, आधी रोज दुखायचं का?"

"न्हाई. आधी महिन्यातनं दोनदा-तीनदा. आता सकाळी डोळं उघडलं की दुखतंय."

"आणि गोळी किती दिवस घेताय?"

"दिवाळीपासनं. आधी एक पुरायची. आता दोन लागतात. मालक मेडिकलातनं पाकीटच आणून ठेवतात."

"मावशी, तुमची गोळीच तुमचं डोकं दुखवतेय."

"आँ! औषधानं कुठं दुखणं येतं व्हय?"

"येतं. गोळीचा अंमल उतरला की डोकं दुखतं. ते थांबवायला तुम्ही पुन्हा गोळी घेता. ती उतरली की पुन्हा दुखतं. घाण्याच्या बैलासारखं चाललंय."

"मग आजपासनं सोडून देऊ?"

"मनानं काही करू नका. डॉक्टरांना दाखवू. सोडल्यावर पहिले काही दिवस जास्त दुखेल. तेवढं निभावलं की उतार पडतो. रोज घ्यायचं वेगळं औषध डॉक्टर देतील. त्यानं अर्धशिशी कमी वेळा उठते."

नर्सबाईचे म्हणणे खरे आहे. अर्गोटामिन, ट्रिप्टान किंवा मिसळीच्या गोळ्या महिन्यात दहा किंवा जास्त दिवस घेतल्या, साध्या गोळ्या पंधरा किंवा जास्त दिवस घेतल्या, आणि असे तीन महिने चालले, तर गोळीचीच डोकेदुखी जडते. म्हणून सोपा नियम धरावा : आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त दिवस गोळी नको. त्याहून जास्त लागू लागली, तर दुकानाची नव्हे, दवाखान्याची वाट धरावी.

रोज घ्यायचे औषध आणि दुखताना घ्यायची गोळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची अदलाबदल करू नये. रोजचे औषध एका दिवसात गुण देत नाही. काही आठवडे धीर धरावा लागतो.

कोणी कोणती गोळी घेऊ नये?

ज्याला हृदयविकार आहे, लकवा होऊन गेला आहे, किंवा ज्याचा रक्तदाब ताब्यात नाही, त्याने अर्गोटामिन आणि ट्रिप्टान घेऊ नये. या गोळ्यांनी रक्तवाहिन्या आखडतात.

गरोदर बाईने अर्गोटामिन मुळीच घेऊ नये. त्याने गर्भाशय आखडते. अंगावर पाजणाऱ्या आईनेही ते घेऊ नये. गरोदरपणी कोणतीही गोळी डॉक्टरला विचारूनच घ्यावी.

पोटात व्रण असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, तर आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन टाळावे. उन्हाने अंगातले पाणी आटले असेल, तेव्हाही या गोळ्या मूत्रपिंडाला बाधतात. काहींचा दमा यांनी उसळतो.

दुसरे औषध चालू असेल तर ते डॉक्टरला दाखवावे. जंतूंवरच्या काही औषधांबरोबर अर्गोटामिन घेतले तर हातापायांचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन ही त्यांतली दोन नावे.

शेजारणीला गुण आला म्हणून तिची गोळी आपण घेऊ नये. चप्पलसुद्धा दुसऱ्याची पायाला लागते. मग गोळी कशी चालेल? मोठ्यांची गोळी मुलांना अर्धी करूनही देऊ नये.

तुम्हांला आता वाचता येते

तुम्ही वाचायला शिकला आहात. त्याचा उपयोग येथे करा. पाकिटावर महिना आणि साल छापलेले असते. ती मुदत संपली असेल तर गोळी घेऊ नका. गोळी किती मिलिग्रॅमची, तो आकडा चिठ्ठीशी ताडून पाहा. नाव इंग्रजीत असेल तर मेडिकलवाल्याला मराठीत लिहून मागा. त्यात लाज कसली? रिकामे पाकीट आणि जुनी चिठ्ठी जपून ठेवा. डॉक्टरकडे जाताना बरोबर न्या.

घरातल्या कॅलेंडरवर एक खूण करा. डोके दुखले त्या दिवशी 'ड' लिहा. गोळी घेतली त्या दिवशी 'ग' लिहा. महिनाअखेर 'ग' मोजा. आठ किंवा जास्त झाले तर कॅलेंडरच डॉक्टरला दाखवा. तोंडी सांगण्यापेक्षा ही दोन अक्षरे डॉक्टरला जास्त सांगतील.

ही अर्धशिशी नव्हे!

पुढील खुणा दिसल्या तर गोळीची वाट पाहू नका :

१. डोके एकाएकी, वीज पडावी तसे, जन्मात दुखले नाही इतके दुखले.
२. तोंड वाकडे झाले, हातपाय लुळा पडला, बोबडी वळली.
३. ताप आहे आणि मान ताठ झाली आहे.
४. झटके आले किंवा शुद्ध हरपली.
५. डोक्याला मार लागल्यावर दुखू लागले.
६. गरोदर बाईचे डोके दुखते, अंधारी येते, हातापायांना किंवा तोंडाला सूज आहे.
७. पन्नाशीनंतर नव्यानेच डोके दुखू लागले.

पहिल्या सहा खुणांपैकी एकही दिसली तर १०८ क्रमांकावर फोन करा. सरकारी रुग्णवाहिका येते. सातवी खूण असेल तर लवकर डॉक्टरला दाखवा. गावाजवळ प्राथमिक आरोग्य केंद्र असते. तेथून गरज पडेल तसे पुढे पाठवतात. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली सुरू झाले. त्याला जोडलेले मोठे सरकारी रुग्णालय आहे. लोक त्याला 'सिव्हिल' म्हणतात.

लक्षात ठेवा

डॉक्टरने दिलेलीच गोळी घ्यावी.
दुखणे सुरू होताच घ्यावी.
आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त दिवस घेऊ नये.
आपली गोळी दुसऱ्याला देऊ नये, दुसऱ्याची आपण घेऊ नये.
जेवण, झोप, पाणी यांची वेळ सांभाळावी.

शब्दांचे अर्थ

अंमल – औषधाचा परिणाम
काळीज – येथे यकृत, लिव्हर
मूत्रपिंड – लघवी तयार करणारा अवयव, किडनी
लकवा – अर्धांगवायू
व्रण – आतली जखम, अल्सर

प्रश्न

१. अर्धशिशी आणि साधी डोकेदुखी यांत फरक काय?
२. गोळी दुखण्याच्या सुरुवातीलाच का घ्यावी?
३. मावशीचे डोके रोज का दुखत होते?
४. गरोदर बाईने कोणती गोळी मुळीच घेऊ नये?
५. तुमच्या घरातले गोळ्यांचे एक पाकीट आणा. त्यावरची मुदत वाचा आणि वहीत लिहा.