संगणकीय दप्तर बिघडते तेव्हा

नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातील सोमेश्वरनगर हे सहकारी साखर कारखान्यामुळे नावारूपास आलेले गाव. अशा परिसरात शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न वजनकाट्यावरील एका नोंदीवर अवलंबून असते. त्या नोंदीवरून ऊसबिल ठरते, बिलातून सोसायटीच्या कर्जाची वसुली होते आणि उरलेली रक्कम बँकेत जमा होते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत किमान दर चुकता करावा लागतो. साहजिकच एक आकडा बिघडला, तर ती चूक अनेक घरांपर्यंत पोहोचते.

या नोंदी आता संगणकातील डेटाबेसमध्ये ठेवल्या जातात. लिहिणे चालू असताना वीज जाणे, डिस्क जीर्ण होणे किंवा तिच्यावरील जागा संपणे या कारणांनी डेटाबेसला इजा होऊ शकते. एकच पावती दोनदा दिसणे, वजनाची बेरीज न जुळणे, नोंद उघडताना यंत्रणा मध्येच थांबणे, ही त्याची लक्षणे होत.

प्रथम लेखन थांबवावे

अशा वेळी दुरुस्तीची घाई होते; परंतु पहिले कर्तव्य दुरुस्तीचे नसून नुकसान वाढू न देण्याचे आहे. बिघडलेल्या दप्तरात पडणारी प्रत्येक नवी नोंद शाबूत भागावरही आघात करू शकते. म्हणून संगणकावरील नोंदी त्वरित बंद करून कामकाज कागदी पावत्यांवर चालवावे. रात्री आपोआप निघणारी राखीव प्रतही थांबवावी. अन्यथा कालच्या चांगल्या प्रतीवर आजची बिघडलेली प्रत चढेल. पडद्यावरील सूचना वेळेसह लिहून ठेवावी. यंत्र वारंवार बंद-चालू करू नये.

त्यानंतर बिघडलेला डेटाबेस आहे त्या स्थितीत स्वतंत्र डिस्कवर उतरवून घ्यावा. दुरुस्तीचे सर्व प्रयोग या प्रतीवरच करावेत. दुरुस्तीची साधने न वाचता येणारा भाग प्रसंगी सरळ काढून टाकतात. एका प्रचलित प्रणालीतील दुरुस्तीच्या आज्ञेच्या नावातच ‘माहिती गमावण्यास मुभा’ अशा अर्थाचे शब्द आहेत. मूळ सामग्रीवर ती आज्ञा दिल्यास मागे फिरण्याची वाट उरत नाही.

सातबारा आणि फेरफार

पुनर्बांधणीचे तत्त्व ग्रामीण महसूल व्यवस्थेला नवे नाही. सातबारा जमिनीची आजची स्थिती सांगतो. ती स्थिती कोणकोणत्या बदलांनी आली, हे फेरफार नोंदवही अनुक्रमाने सांगते. सातबाऱ्याचे पान फाटले, तर जुना उतारा आणि त्यानंतरचे फेरफार यांच्या आधारे ते पुन्हा लिहिता येते. डेटाबेसमध्येही झालेल्या प्रत्येक बदलाची अशीच एक नोंदवही असते. तिला ‘लॉग’ म्हणतात. शेवटची चांगली राखीव प्रत घ्यावी आणि तिच्यावर बिघाडापूर्वीपर्यंतचे बदल क्रमाने चढवावेत. म्हणूनच जागा मोकळी करण्यासाठी लॉगच्या फाइली पुसणे, हे फेरफार नोंदवही जाळण्यासारखे आहे.

घाईचा धोका मोठ्या संस्थांनाही टळलेला नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ या जागतिक संगणक सेवेत अडचण सोडविताना एका अभियंत्याकडून चुकून मुख्य डेटाबेसच पुसला गेला. राखीव प्रतींच्या नेहमीच्या योजना ऐन वेळी उपयोगी पडल्या नाहीत. सुमारे ६ तासांपूर्वी घेतलेल्या एका प्रतीमुळे सेवा सावरली. मधल्या काळातील नोंदी मात्र गेल्या. जी प्रत कधी पुन्हा उघडून पाहिली नाही, तिच्यावर विसंबता येत नाही, हा त्यातील बोध होय.

पडताळणीनंतरच प्रारंभ

पुनर्बांधणी झाली म्हणजे काम संपले असे नाही. पावत्यांची संख्या, दिवसाचे एकूण टनेज आणि काही सभासदांची खाती मूळ कागदांशी ताडून पाहावीत. मेळ बसल्यावरच मधल्या काळातील कागदी नोंदी चढवून व्यवहार सुरू करावा.

प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना केंद्र शासनाने जून २०२२ मध्ये मंजूर केली. ग्रामपंचायत आणि शाळा यांची दप्तरेही संगणकावर येत आहेत. प्रत्येक संस्थेने दोन गोष्टी आधीच ठरवून भिंतीवर लावाव्यात: बिघाड दिसताच ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कोणाचा आणि राखीव प्रत कोठे आहे. हा अधिकार प्रत्यक्ष नोंद करणाऱ्या लिपिकालाही असावा. कारण बिघाड प्रथम त्याच्याच नजरेस पडतो.