तुझे नाव काय? : बेघरांचा निवारा आणि आपली जबाबदारी

शास्त्रपाठ : संत मार्क 5:1-20



गेल्या वर्षी उन्हाळ्यात महामार्गाच्या पुलाखाली एक माणूस राहत होता. केसांच्या जटा झालेल्या, अंगावर एकावर एक तीन-चार सदरे, शेजारी पिशव्यांचे गाठोडे. तुमच्यापैकी अनेकांनी त्याला पाहिले असेल. भिवंडीला जाता-येता मी त्याला दोन-तीन वेळा वडापाव आणि पाण्याची बाटली दिली व समाधानाने पुढे निघालो. पाऊस सुरू झाला आणि तो दिसेनासा झाला. जवळच्या चहावाल्याकडे चौकशी केली, तर त्याने मलाच विचारले, “कोण तो, फादर? नाव काय त्याचं?” मला उत्तर देता आले नाही. मी त्याला खायला दिले होते, पण नाव विचारले नव्हते. तो प्रश्न मनात राहिला, म्हणून आजचा हा पाठ.

1. शुभवर्तमानातील बेघर माणूस

गरसेकरांच्या प्रदेशातला तो माणूस थडग्यांमध्ये राहत होता. गावाने त्याला साखळदंडांनी बांधून पाहिले होते, आणि ते जमले नाही तेव्हा सोडून दिले होते. प्रभू येशूने त्याला नाव विचारले. उत्तरात त्याचे स्वतःचे नाव आलेच नाही. ज्या शक्तीने त्याला ग्रासले होते, तिचेच नाव आले. पुढे गावकरी आले, तेव्हा तो कपडे घालून, शुद्धीवर येऊन शांत बसला होता. त्याला प्रभूबरोबर जायचे होते. परंतु प्रभूने त्याला आपल्या घरी, आपल्या माणसांकडे पाठवले. नाव, शुद्ध आणि घर, अशा क्रमाने त्याला त्याचे माणूसपण परत मिळाले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. या उताऱ्यावरून ‘प्रत्येक मनोरुग्णाला भूतबाधा झालेली असते’ असा अर्थ काढू नये. मानसिक आजार हा आजार आहे आणि त्यावर उपचार करणे हे वैद्यकशास्त्राचे काम आहे, असे ख्रिस्तसभेचे अधिकृत धर्मशिक्षणही सांगते. घरात कोणाला भास होत असतील, कोणी एकटेच बोलत असेल, घर सोडून जात असेल, तर भगताकडे वेळ आणि पैसा घालवू नका. प्रार्थना जरूर करा, पण डॉक्टरकडे आधी जा.

2. कर्जतचे काम

हाच क्रम आपल्यापासून फार दूर नसलेल्या कर्जत येथे पाहायला मिळतो. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता, दोघेही मनोविकारतज्ज्ञ. 1988 च्या सुमारास मुंबईत त्यांनी एका तरुणाला नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पिताना पाहिले. त्याला त्यांनी आपल्या दवाखान्यात नेले. उपचारांनंतर कळले की तो आंध्र प्रदेशातला शिकलेला, पदवीधर मुलगा आहे. या अनुभवातून ‘श्रद्धा’ ही संस्था उभी राहिली. पुढे दहिसरला छोटे केंद्र झाले, बाबा आमटे यांच्याकडून प्रेरणा मिळाली आणि 2006 मध्ये कर्जतचे मोठे केंद्र सुरू झाले. 2018 मध्ये डॉ. वाटवानी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तोपर्यंत सात हजारांहून अधिक माणसे आपापल्या घरी पोहोचली होती.

रस्त्यावरून आणलेल्या माणसाची आधी आंघोळ, केस कापणे, जखमांची मलमपट्टी, स्वच्छ कपडे आणि जेवण. मग औषधे. काही आठवड्यांनी तो बोलू लागतो. वडिलांचे नाव, गावाचे नाव, जवळचे स्टेशन अशा तुकड्यांतून पत्ता जुळतो. त्याची भाषा जाणणारा कार्यकर्ता त्याला रेल्वेने गावापर्यंत पोहोचवतो, घरच्यांना आजार समजावतो आणि औषधे देतो.

हे एकट्या डॉक्टरांचे काम नव्हे. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवणारे एक चित्रकार रस्त्यावर सापडले व बरे झाले, तेव्हा इतर चित्रकारांनी आपली चित्रे देऊन संस्थेसाठी निधी उभा केला. कोणी कळवतो, कोणी आणतो, कोणी स्वयंपाक करतो, कोणी बिल भरतो. यातला एक दुवा निखळला तरी माणूस रस्त्यावरच राहतो.

3. बुद्धी हरपली, तरी माणूस उरतो का?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना बोएथियस या विचारवंताने केलेली ‘व्यक्ती’ची व्याख्या आम्हाला पाठ करावी लागे. ज्याचा स्वभाव विवेकशील आहे, अशी स्वतंत्र सत्ता म्हणजे व्यक्ती. मग ज्याचा विवेक आजाराने झाकला गेला, तो व्यक्ती नाही काय? व्याख्येत ‘स्वभाव’ म्हटले आहे, ‘वापर’ नव्हे. झोपलेल्या माणसाची बुद्धी काम करीत नाही, म्हणून कोणी त्याला वस्तू समजत नाही. तान्ह्या बाळाचेही तसेच. देवाचे प्रतिरूप आपण मिळवलेले नाही, म्हणून ते आजाराने हरवतही नाही. पुलाखालच्या माणसाला ‘वेडा’ म्हणणे म्हणजे त्याचे नाव पुसून आजाराचे नाव त्याला चिकटवणे होय.

4. आपले गाव, आपले कर्तव्य

2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 17 लाख 73 हजार आणि महाराष्ट्रात सुमारे 2 लाख 11 हजार बेघर मोजले गेले. मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितले. त्या जनगणनेनुसार भिवंडी शहराची लोकसंख्या सात लाखांवर होती, म्हणजे तेथे सात निवारे हवेत. परंतु हा हिशेब शहरांचा आहे. आपला पडघा गाव आहे, आणि महामार्गावरून चालत आलेला माणूस कोणत्याच हिशेबात बसत नाही. म्हणून आपण काय करू शकतो ते पाहू.

(अ) जवळ जा, बोला, नाव विचारा. उत्तर आले नाही तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. घाई किंवा जबरदस्ती करू नका.

(आ) पोलिसांना कळवा. 112 वर फोन करा. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 100 प्रमाणे, अशा असहाय मनोरुग्णाला संरक्षणात घेणे, 24 तासांच्या आत सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी नेणे आणि त्याच्या कुटुंबाचा शोध घेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. नम्रपणे, पण आग्रहाने हे सांगा. दोन-तीन जण मिळून गेलात तर बरे.

(इ) घरातल्या व्यक्तीच्या आजाराबद्दल सल्ला हवा असल्यास ‘टेलि-मानस’ची 14416 ही मोफत सेवा आहे.

(ई) बरा होऊन परतलेल्या माणसाला सांभाळा. त्याची औषधे चालू राहतील असे पाहा, त्याला काम द्या, मिस्सेला शेजारी बसवा. गावाने हिणवले तर तो पुन्हा रस्त्यावर येतो.

गरसेकरांनी मात्र प्रभूला आपल्या प्रदेशातून निघून जाण्याची विनंती केली. एक माणूस बरा झाला होता, पण डुकरांचा कळप गेला होता. असा निवारा आपल्या वस्तीजवळ होऊ लागला, तर आपण काय म्हणू?

घरी चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या वाटेवर रोज दिसणारा, पण नाव माहीत नसलेला माणूस कोण आहे?
2. आपल्या नात्यात कोणी घर सोडून गेले आहे काय? त्यांचा शोध थांबला आहे काय?
3. वरच्या कामांपैकी कोणता दुवा आपले कुटुंब होऊ शकते?

पोप फ्रान्सिस यांनी सुरू केलेला जागतिक गरीब दिन 2017 पासून दर वर्षी नोव्हेंबरमध्ये पाळला जातो. त्या दिवसाची वाट न पाहता, पुढच्या रविवारी मिस्सेनंतर ज्यांना या कामात सहभागी व्हायचे आहे, त्यांनी थोडा वेळ थांबावे. पुलाखालचा तो माणूस आज कोठे आहे, मला ठाऊक नाही. त्याच्यासाठी प्रार्थना करताना मला अजूनही ‘तो’ असेच म्हणावे लागते. पुढच्या माणसाच्या बाबतीत असे होऊ नये.

ख्रिस्तामध्ये आपला,
फादर