सात बँड आले, तरी प्रवेश अडला

भिलाईत वाढलेल्या मुलांना परीक्षेची भीती सहसा वाटत नाही. १९५९ साली स्टील प्लांटची पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, देशभरातून माणसं कामाला आली, आणि त्यांच्या मुलांनी इंजिनिअर व्हायचं हे जणू ठरूनच गेलं. दहावी झाली की कोचिंग, टेस्ट सिरीज, मागच्या वर्षांचे पेपर, रँक. या रीतीने इथून किती तरी मुलं आयआयटीत गेली, त्यामुळे तिच्यावर गावाचा भरवसा आहे. परदेशी शिकायला जाण्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची वेळ आली, की आम्ही तीच रीत तिलाही लावतो. माझा प्रवेश त्यातच अडला. आमच्या भागातून दरवर्षी मुलंमुली आयईएलटीएसला बसतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी सिव्हिल इंजिनिअर. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाने मास्टर्ससाठी सशर्त प्रवेश दिला होता. अट अशी : एकूण बँड किमान ६.५, आणि चारपैकी कुठल्याही भागात ६ पेक्षा कमी नको. निकालात मला ऐकण्यात ८, वाचनात ७.५, बोलण्यात ६.५ आणि लेखनात ५.५ मिळाले. सरासरी ६.८७५ येते, ती जवळच्या अर्ध्या बँडला नेतात, म्हणून एकूण ७. घरी पेढे आले. क्लासने भिंतीवर माझा फोटो लावायची तयारी केली. विद्यापीठाने मात्र लेखनाच्या रकान्यावर बोट ठेवलं, आणि मुदतीच्या आत नवा निकाल देणं जमलं नाही म्हणून प्रवेश पुढच्या सत्रावर गेला. एकूण बँडचा आकडा लोक एकमेकांना सांगतात, क्लासवाले जाहिरातीत छापतात, पण प्रवेश बहुतेक वेळा सर्वांत कमी आकड्यावर अडतो. आपल्या अभ्यासक्रमाच्या पानावर प्रत्येक भागासाठी किती बँड मागितले आहेत, हे फी भरण्याआधी वाचा आणि लिहून ठेवा.

लेखनच का अडलं, ते जरा सविस्तर सांगते. आमच्या घरी मराठी, शेजारी तेलुगू आणि मल्याळी, रस्त्यावर हिंदी, भाजीबाजारात छत्तीसगढी. शाळा इंग्लिश मीडियमची, पण फिजिक्सचे सरसुद्धा फळ्यावर इंग्रजीत लिहून हिंदीत समजावायचे. इंग्रजी आम्ही वाचलं भरपूर, ऐकलं बऱ्यापैकी, बोललो कमी, आणि स्वतःच्या मनातलं लिहिलं तर जवळजवळ नाहीच. क्लासने यावर साचा दिला. निबंध कोणताही असो, पहिला परिच्छेद ठरलेला, शेवटचा ठरलेला, मधे ‘एकीकडे’ आणि ‘दुसरीकडे’, आणि पन्नासेक भारी शब्दांची यादी, ते कुठे ना कुठे बसवायचे. सराव परीक्षांत या साच्याला क्लासचे लोक ७ देत होते.

परीक्षक काय बघतो हे आयईएलटीएसने उघड छापलेलं आहे, पण क्लासमध्ये ते पान कुणी काढून दाखवलं नव्हतं. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलं का, मांडणीत एकातून दुसरा मुद्दा निघतो का, शब्दसंपत्ती, आणि व्याकरण, या चार कसोट्यांचं वजन सारखंच असतं. पाठ केलेला मजकूर ओळखायचं प्रशिक्षण परीक्षकांना दिलेलं असतं. एका तासात दोन लेख लिहायचे असतात : तक्ता किंवा आलेख समजावणारा किमान १५० शब्दांचा, आणि निबंध किमान २५० शब्दांचा. निबंधाचं वजन दुप्पट, म्हणून त्याला ४० मिनिटं राखायची. माझं पहिल्या कसोटीवरच गेलं होतं. प्रश्न काहीही असो, माझं उत्तर साच्याचं होतं.

हे मला दाखवलं प्लांटच्या वसाहतीतल्या आमच्या सेक्टरमधल्याच एका निवृत्त बाईंनी. प्लांटच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. माझा निबंध वाचून त्यांनी पहिला परिच्छेद सबंध खोडला. मग विचारलं, “शहरांनी जुन्या इमारती पाडून नवीन बांधाव्यात का? तुला काय वाटतं?” मी साच्याप्रमाणे फायदे-तोटे सुरू केले. त्या म्हणाल्या, “ते राहू दे. आपली सेक्टरमधली क्वार्टर्स पाडायची की ठेवायची, ते सांग. मराठीत सांग.” मग मी बोलत सुटले. पावसाळ्यात गळणारी छतं, भिंतीतून डोकावणारं सळईचं गंजलेलं टोक, आणि तरीही मागचं अंगण, आंब्याची झाडं, रुंद रस्ते. नवीन मजले चढवले तर हे सगळं जाईल, म्हणून मला वाटतं की ज्यांचा सांगाडा धड आहे त्यांची डागडुजी करावी आणि बाकीची पाडावीत. “हे झालं उत्तर,” बाई म्हणाल्या. “आता हेच साध्या इंग्रजीत लिही.” तो निबंध माझा पहिला खरा निबंध. शब्द सगळे साधे होते, पण मत होतं, कारण होतं, उदाहरण होतं.

पुढे रोज तेच. वर्तमानपत्रातला एक प्रश्न घ्यायचा, आधी पाच मिनिटं आपलं मत आणि दोन कारणं कागदावर मांडायची, मगच लिहायला लागायचं. शेवटची काही मिनिटं फक्त क्रियापदांचे काळ आणि ‘ए’, ‘द’ तपासायला. मराठीत आणि हिंदीत ही उपपदं नाहीत, त्यामुळे आपल्याकडून ती हमखास सुटतात. आणखी एक मनापासून सांगते. मुलांचं इंग्रजी सुधारावं म्हणून काही मराठी घरांत आता मराठी बोलणं बंद करतात. तसं करू नका. माझ्यापाशी मत होतं ते मराठीत होतं. तेही नसतं तर इंग्रजीत लिहायला काय उरलं असतं?

बोलण्याच्या परीक्षेतही हेच चालतं. ११ ते १४ मिनिटं, समोर परीक्षक, काही वेळा व्हिडिओ कॉलवर. मधल्या भागात एक कार्ड देतात, एक मिनिट विचाराला, मग दोन मिनिटांपर्यंत एकट्याने बोलायचं. आपल्या गावाविषयी विचारलं की मुलं ‘विविध संस्कृतींचा संगम’ वगैरे म्हणून दाखवतात, आणि पुढचा प्रश्न आला की अडतात. त्यापेक्षा मैत्रीबागेतल्या पांढऱ्या वाघाबद्दल बोला, बाबांच्या नाइट शिफ्टबद्दल बोला, भिलाईत तयार होऊन देशभर जाणाऱ्या रेल्वेच्या रुळांबद्दल बोला. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीबद्दल बोलताना वाक्यं आपोआप लांबतात. रोज दोन मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका; स्वतःचा आवाज ऐकायला सुरुवातीला नको वाटतो, तरी ऐका.

ऐकणं आणि वाचन यांना मात्र कोचिंगची पद्धत चांगली लागू पडते. ध्वनिफीत एकदाच ऐकवतात, स्पेलिंग चुकलं की गुण गेला. वाचनात ‘खोटं’ आणि ‘उताऱ्यात सांगितलेलं नाही’ यांत गल्लत होते, ती सरावाने जाते.

आता कागदपत्रांचं. आमच्या कन्सल्टंटने माझं नाव नोंदवताना ईमेल स्वतःचा टाकला होता. निकाल आधी त्याच्याकडे गेला, आणि मला कळायला उशीर झाला, हा वेळ मला महागात पडला. नोंदणी स्वतः करा, ईमेल आणि पासवर्ड आपलाच हवा. नाव पासपोर्टवर आहे तसंच घाला. आपल्याकडे मार्कशीटवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असतं, पासपोर्टवर कधी वडिलांचं नाव नसतं, लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं. परीक्षेच्या दिवशी मूळ पासपोर्टच चालतो, आधार चालत नाही. पासपोर्टमध्येच काही बदलायचं असेल तर आधी रायपूरच्या पासपोर्ट कार्यालयाचं काम उरका, मग परीक्षेची तारीख घ्या.

कोणती परीक्षा द्यायची, हेही विद्यापीठाच्या पानावरूनच ठरवा. पदवी-पदव्युत्तर शिक्षणाला अॅकॅडमिक लागते, जनरल ट्रेनिंग बहुधा स्थलांतरासाठी असते. ब्रिटनच्या काही व्हिसांना ‘आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय’ लागते. प्रश्न तसेच, पण नोंदणी वेगळी, आणि साधी दिलेली तिथे चालत नाही. नर्सिंगवाल्या मुलींनी ओईटी या आरोग्यक्षेत्रासाठीच्या इंग्रजी परीक्षेचा विचार जरूर करावा. तिच्या लेखनात पेशंटच्या नोंदींवरून पत्र लिहायचं असतं, म्हणजे वॉर्डात रोज करतात तेच काम. ब्रिटनची नर्सिंग कौन्सिल लेखनात सी प्लस, बाकी तिन्हींत बी मागते. आयईएलटीएस दिली तर लेखनात ६.५ आणि बाकी तिन्हींत ७.

एखाद्या भागातच कमी पडलं, तर दोन वाटा आहेत. सहा आठवड्यांच्या आत फेरतपासणी मागता येते, आणि बँड बदलला तर फी परत मिळते. २०२३ पासून भारतात संगणकावर परीक्षा देणाऱ्याला एकच भाग पुन्हा देता येतो, मूळ परीक्षेपासून ६० दिवसांत. मात्र असा निकाल सगळीच विद्यापीठं घेत नाहीत, आधी लेखी विचारा. मी विचारलं, होकार आला, लेखन पुन्हा दिलं आणि ६.५ आले. निकाल दोन वर्षंच ग्राह्य धरतात, म्हणून फार आधीही परीक्षा देऊन ठेवू नये.

पैसे देऊन बँड मिळवून देतो म्हणणारे भेटतील. २०२२ साली गुजरातमधले काही तरुण कॅनडाहून अमेरिकेत शिरताना बोट बुडत असताना सापडले. तिथल्या कोर्टात इंग्रजीत उत्तर देता येईना, आणि आयईएलटीएसचे बँड मात्र ६.५ ते ७. मग मेहसाणा पोलिसांचा तपास सुरू झाला. ब्रिटनमध्ये २०१४ साली टोइक या इंग्रजीच्या परीक्षेतली फसवणूक उघड झाल्यावर ३० हजारांहून जास्त लोकांच्या व्हिसांवर कुऱ्हाड पडली, आणि आपण परीक्षा प्रामाणिकपणे दिली होती असं सांगणारे कित्येक जण वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले. कन्सल्टंटला विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, हेही ध्यानात असू द्या; त्याने सुचवलेलं विद्यापीठ तुमच्यासाठी सर्वांत चांगलं असेलच असं नाही.

बाईंनी माझ्याकडून एक पैसा घेतला नाही. प्लांटच्या शाळांतून निवृत्त झालेल्या अशा शिक्षिका सेक्टरांत, रिसालीत, नेहरूनगरात अजून आहेत, आणि कुणी शिकायला आलं की त्यांना आनंदच होतो. ओळख काढून त्यांच्याकडे जा. जाताना सोडवलेला सराव पेपर नेऊ नका, स्वतःच्या मनाने लिहिलेली दोन पानं न्या.