सुक्या मासळीवरील किडी आणि किनारी मत्स्यधोरण

मत्स्यव्यवसायाच्या धोरणाची चर्चा होते तेव्हा नौका, बंदरे, बर्फाचे कारखाने व निर्यात हे विषय अग्रस्थानी असतात. किनाऱ्यावर व बेटांवर मासळी वाळवणारी कुटुंबे, विशेषतः स्त्रिया, त्यात मागे पडतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून या काळात प्रत्येकी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते. तेव्हा अनेक घरांचा आधार साठवलेली सुकी मासळीच असते. तिला कीड लागल्यास हंगामाची मिळकत बुडते.

नुकसानीचे दोन टप्पे

पहिला टप्पा मासळी ओली असतानाचा. क्रायसोमाया वर्गातील चकचकीत निळ्या-हिरव्या माश्या कल्ल्यांत व चिरांमध्ये अंडी घालतात. साधारण एका दिवसात अळ्या बाहेर पडून मांस पोखरू लागतात. ढगाळ, दमट हवेत वाळवण लांबते व हानी वाढते.

दुसरा टप्पा साठवणीचा. डर्मेस्टिस भुंगेऱ्यांच्या केसाळ अळ्या वाळलेले मांस खातात. कोष अवस्थेसाठी त्या लाकडात शिरतात. त्यामुळे माल हलवला तरी फळ्यांतून कीड पुन्हा उद्भवते. तांबड्या पायांचा, निळसर झाक असलेला नेक्रोबिया भुंगेरा मासळीप्रमाणेच खोबऱ्यावरही वाढतो. लक्षद्वीपमध्ये याला विशेष महत्त्व आहे. तेथे गळकाठीने पकडलेला कुपा उकडून, धुरी देऊन व वाळवून ‘मास’ तयार करतात आणि खोबरे हेही बेटांचे प्रमुख उत्पादन आहे. दोन्ही माल एकाच कोठारात ठेवल्यास कीड एकातून दुसऱ्यात जाते.

व्यवस्थापन

१. मासळी स्वच्छ धुऊन, आतडी काढून, पुरेसे मीठ लावावे. मिठामुळे माश्या व भुंगेरे दोघांनाही अटकाव होतो.
२. वाळूवर न पसरता उंच मांडवावर वाळवावे. कोकणात व गुजरातमधील जाफराबाद येथे बोंबील टांगून वाळवतात, ती पद्धत याच तत्त्वाची आहे. जवळ्यासाठी उंच जाळीचे मंच वापरावेत.
३. दमट हवेत सौर वाळवणयंत्र उपयुक्त ठरते. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने अशी यंत्रे विकसित केली आहेत.
४. पूर्ण वाळलेला माल घट्ट बंद होणाऱ्या पिशव्यांत भरावा. नवा माल ठेवण्यापूर्वी कोठार रिकामे करून फटी बुजवाव्यात.
५. मासळीवर कोणतेही कीटकनाशक फवारू नये. ते थेट खाणाऱ्याच्या पोटात जाते.

धोरणात काय बदलावे

वरील उपायांना जागा व भांडवल लागते. ते एकट्या कुटुंबाच्या आवाक्यातील नाही. वाळवणीची खळी बहुधा सामाईक जमिनीवर असतात आणि बांधकाम व पर्यटनाच्या दबावाखाली ती आक्रसतात. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने मच्छीमार गावे, त्यांच्या सामाईक जागा व मासळी वाळवण्याच्या जागा नकाशांत दर्शवण्याची तरतूद केली होती. प्रत्येक गावाच्या नकाशात ही नोंद प्रत्यक्ष होणे ही पहिली सुधारणा होय.

दुसरी बाब पतपुरवठ्याची. किसान क्रेडिट कार्डाची सुविधा २०१८-१९ पासून मत्स्यव्यवसायाला लागू झाली. नौका नावावर नसलेल्या, परंतु वाळवण व विक्री करणाऱ्या स्त्रियांच्या गटांनाही ती सुलभ व्हायला हवी.

तिसरी बाब अधिकारक्षेत्राची. १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्यांच्या व त्यापलीकडील केंद्राच्या अखत्यारीत येते. मासळी किनाऱ्यावर उतरल्यानंतरच्या हानीकडे मात्र दोन्हींकडून दुर्लक्ष होऊ शकते. बंदर-विकासाच्या प्रत्येक आराखड्यात वाळवण मंच, गोडे पाणी व कीडरोधक कोठार यांचा खर्च स्वतंत्रपणे धरल्यास ही उणीव भरून निघेल.

विस्तार कार्यकर्त्यांनी बंदीकाळापूर्वीच गावातील वाळवणीच्या जागांची यादी करून महिला गटांसोबत कोठारांची पाहणी करावी. अधिक मासळी पकडण्याआधी पकडलेली मासळी वाचवणे हेच समुद्राच्या व मच्छीमाराच्या हिताचे आहे.