स्वभाव ओळखावा, मग व्यवसाय निवडावा

तलासरीस कीर्तनसेवेसाठी गेलो असता, आरती आटोपल्यावर एक गृहस्थ मुलाला पुढे करून म्हणाले, "बुवा, पोरगा दहावी झाला. वापीच्या कारखान्यात धाडू, की डहाणूला चिकूच्या वाडीत ठेवू?" मुलगा खाली मान घालून उभा. आम्ही त्याला विचारले, "बाळ, तुला काय करावंसं वाटतं?" उत्तर बापानेच दिले! सज्जनहो, घरोघर हेच चालते. म्हणून त्या रात्री जे बोललो, तेच येथे लिहितो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात स्वभावातून येणाऱ्या कर्माचा विचार आहे. तेथे वर्णांची नावे आहेत. त्यावरून पुष्कळांनी स्वभाव म्हणजे बापाचा धंदा, असा अर्थ करून ठेवला. पण संतांकडे पाहावे. सावतोबांनी अरणचा मळा सोडला नाही, गोरोबांनी तेरला चाक सोडले नाही. उलट नामदेवराय शिंप्याच्या घरचे, तुकोबाराय वाण्याच्या घरचे; पण त्यांचे चित्त काही कापडात आणि तागडीत रमले नाही. तेव्हा वडिलांचे काम धरले की सोडले, ही कसोटी नव्हे. आतली ओढ कोठे आहे, ते पाहावे.

याच मुलखातला दाखला घ्या. जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४ चा, तलासरी तालुक्यातील धामणगावचा. सातव्या वर्षी आई गेली. त्या धक्क्याने पोराची वाचा बसली, ती कित्येक वर्षे. बोलायचे ते धुळीत चित्रे काढून बोलू लागला. आता वारली समाजात लग्नाचा चौक भिंतीवर लिहायचा तो सवाशिणींनी, तांदळाच्या पिठाने. पुरुषाचे ते काम नव्हे. रूढी पाहिली असती तर हा हात तेथेच थांबता. पण जिव्याबाबा चित्रे काढीतच राहिले, पोटासाठी दुसऱ्यांच्या शेतावर राबत राहिले. १९७० नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी या भागात कागद-रंग घेऊन आले, तेव्हा त्यांना हा हात दिसला. तोवर जिव्याबाबांची चाळिशी जवळ आली होती! पुढे १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री. २०१८ साली ते गेले. पण त्यांच्या पाठोपाठ कितीतरी तरुणांनी हीच चित्रकला उपजीविकेसाठी धरली.

यातून तीन खुणा घ्याव्यात. पहिली : कोणी न सांगता मूल काय करते? धुळीत चित्र काढ, असे जिव्याबाबांना कोणी सांगितले नव्हते. दुसरी : त्या कामातला कंटाळवाणा भागही ते सोसते का? नुसती हौस चार दिवसांची. ओढ कष्टाला भीत नाही. तिसरी : त्या कामाचा चार लोकांना उपयोग होतो का? या तिन्ही जुळल्या, तर तो मार्ग आपला.

"पण बुवा, पोट?" खरा प्रश्न. स्वभाव लगेच भाकरी देईलच असे नाही. तोवर मिळेल ते प्रामाणिक काम करावे, त्यात कमीपणा नाही. मात्र आतला दिवा विझू देऊ नये. जिव्याबाबांनी राबण्याची लाज धरली नाही, आणि चित्रही सोडले नाही.

असो. त्या मुलाला आम्ही बापापासून जरा बाजूला घेतले. हळूच म्हणाला, "पाण्याची मोटार बिघडली की मी खोलतो. पाड्यावरच्या तीन सुरू केल्यात." बापाला हे ठाऊक होते, पण त्याला तो पोराचा चाळा वाटत होता! आम्ही म्हटले, "अहो, तुमचं उत्तर तुमच्या विहिरीवरच आहे. आधी आयटीआयची चौकशी करा. वापी कुठे पळून जात नाही."

आईबापहो, मुलाला काय व्हायचे ते सांगण्याआधी महिनाभर त्याचे हात नुसते पाहा. देवाने हातात काय घालून पाठविले आहे, ते ओळखणे हीही सेवाच.

रामकृष्णहरी.