परसातील मासे व भाजीपाला : आधी पाणी तयार करावे

शेततळ्यात मासे सोडले असता त्या पाण्यावरील भाजीपाला अधिक हिरवा व जोमदार येतो, हा अनुभव पुष्कळ शेतकऱ्यांना आहे. माशांच्या विष्ठेतील नत्र पाण्यात उतरते व पिकास मिळते. हेच काम घराच्या परसात लहान प्रमाणावर करावयाचे, टाकीतील पाणी खडीने भरलेल्या वाफ्यातून फिरवावयाचे आणि तेथून निथळलेले पाणी पुन्हा टाकीत आणावयाचे, या पद्धतीस ॲक्वापोनिक्स म्हणतात. 1980 ते 1990 या दशकात अमेरिकेतील विद्यापीठांतून तिचा पद्धतशीर अभ्यास झाला. जागतिक अन्न व शेती संघटनेने 2014 साली लहान प्रमाणावरील अशा संचांसंबंधी सविस्तर पुस्तिका प्रसिद्ध केली. आपल्याकडेही अलीकडे याविषयी बरीच विचारणा होऊ लागली आहे.

विचारणा जितकी होते तितके संच मात्र टिकत नाहीत. याचे कारण बहुधा पंपात किंवा टाकीत नसते, घाईत असते. प्रस्तुत लेखकाने एका कुटुंबास असा संच उभारून देण्यास मदत केली होती. टाकी भरली, पंप सुरू झाला, आणि दुसऱ्याच दिवशी साठ बोटुकल्या सोडल्या. मुलांनी हौसेने दिवसातून तीन वेळा खाद्य टाकले. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी निम्म्याहून अधिक मासे पाण्यावर तरंगताना आढळले. पाणी तर काचेसारखे स्वच्छ दिसत होते! चूक त्या कुटुंबाची नव्हती. मासे सोडण्यास संमती देणाऱ्याची होती. त्या घरी पुन्हा टाकी भरली गेली नाही.

असे का घडते हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. या पद्धतीत मासे आणि झाडे यांच्याखेरीज तिसरा एक भागीदार असतो व तो डोळ्यांस दिसत नाही. मासे आपल्या कल्ल्यांवाटे व विष्ठेवाटे अमोनिया बाहेर टाकतात. अमोनिया माशांना विषारी आहे. खडीच्या पृष्ठभागावर वाढणारे एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच असते, कारण त्यामुळे माशांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते. मग दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट माशांना बरेच निरुपद्रवी असून झाडांचे ते आवडते अन्न आहे. शेतजमिनीत युरिया दिल्यानंतर जी क्रिया घडते तीच येथे खडीत घडते. फरक इतकाच की जमिनीत हे जिवाणू आधीपासून असतात, तर धुतलेल्या नव्या खडीत ते जवळजवळ नसतात. त्यांची वाढ सावकाश होते. उबदार हवेत तीन ते पाच आठवडे, थंडीत त्याहून अधिक काळ लागतो. पाणी तयार होणे म्हणतात ते हेच.

म्हणून पहिला महिना हा पाण्याचा समजावा, माशांचा नव्हे. 500 लिटरच्या टाकीत आरंभी चार-पाच बोटुकल्याच सोडाव्यात व त्यांना दिवसातून एकदा चिमूटभर, पाच मिनिटांत संपेल इतकेच खाद्य द्यावे. शोभेच्या माशांच्या दुकानात पाणी तपासण्याचे थेंबांचे संच मिळतात. त्याने एक दिवसाआड अमोनिया व नायट्राइट तपासून वहीत लिहावे. प्रथम अमोनिया चढतो. मग तो उतरू लागतो व नायट्राइट चढते. शेवटी तेही उतरते आणि नायट्रेट दिसू लागते. अमोनिया व नायट्राइट दोन्ही जवळजवळ शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागले म्हणजे पाणी तयार झाले. मध्यंतरी दोहोंपैकी एकही लिटरला 1 मिलिग्रॅमच्या वर गेले तर खाद्य बंद करावे आणि टाकीतील तिसरा हिस्सा पाणी बदलावे. जवळपास कोणाचा जुना संच चालू असेल तर त्यातील दोन-चार घमेली खडी आणून आपल्या वाफ्यात मिसळावी. विरजण लावल्यासारखेच ते काम करते. नळाचे पाणी वापरावयाचे असल्यास ते दोन दिवस उघडे ठेवून क्लोरीन उडून जाऊ द्यावा, नाहीतर जिवाणूंची वाढ होणार नाही.

संचाची मांडणी अवघड नाही. 500 लिटरच्या टाकीस दीड मीटर लांब, एक मीटर रुंद व 30 सेंटिमीटर खोल असा एक वाफा पुरतो. त्यात मावणाऱ्या खडीचे वजन सात क्विंटलच्या आसपास भरते व वर पाण्याचे वजन येते, हे लक्षात ठेवून विटांचा किंवा दगडांचा भक्कम ओटा बांधावा. गच्चीवर हा प्रयोग अभियंत्यास विचारल्यावाचून करू नये. आपल्याकडील काळ्या पाषाणाची साधी खडी या कामास उत्तम. मात्र भुकटी जाईपर्यंत ती धुवावी. नदीतील गोटे आणावयाचे असल्यास त्यांवर लिंबाचा रस पिळून पाहावा. बुडबुडे आले तर त्यात चुनखडी आहे असे समजून ते टाकून द्यावेत. चुनखडीने पाण्याचा सामू वाढतो, आणि वाढलेल्या सामूत तेवढाच अमोनिया अधिक विषारी ठरतो. सामू 7 च्या आसपास असणे चांगले. विहिरीचे पाणी फार क्षारयुक्त असेल तर त्यात पावसाचे साठवलेले पाणी मिसळावे. पुढे काही महिन्यांनी जिवाणूंच्या कामामुळे सामू आपोआप उतरू लागतो. तो 6.5 च्या खाली जाऊ लागला म्हणजे शिंपल्यांचा चुरा कापडी पिशवीत बांधून टाकीत सोडावा.

तासाला 1000 लिटर पाणी उचलणारा लहान पंप टायमरवर लावून दर तासाला पंधरा मिनिटे चालवावा. वाफ्यातील उभ्या नळीच्या तळाशी लहान भोके ठेवली म्हणजे पंप थांबताच पाणी हळूहळू टाकीत उतरते व मुळांना हवा मिळते. पाण्याची पातळी खडीच्या वरच्या थरापासून पाच सेंटिमीटर खालीच राहावी. वरची खडी कोरडी राहिल्याने शेवाळ वाढत नाही व डासही होत नाहीत. टाकीवर सावली व जाळी हवीच.

माशांत नवशिक्याने सायप्रिनस निवडावा. तो काटक आहे. तिलापिया पाळावयाचा तर त्यापूर्वी मत्स्यव्यवसाय खात्याकडे परवानगीची चौकशी करावी, आणि आफ्रिकन मागूर तर बंदी असल्यामुळे आणूच नये. पाणी तयार झाल्यावर एकूण दहा मासे पुरेत. ते अर्ध्या किलोचे झाले म्हणजे पाच किलो वजन होते आणि या टाकीस तेवढेच पेलते. त्यांना दररोज वजनाच्या एक ते दोन टक्के, म्हणजे 50 ते 100 ग्रॅम खाद्य लागते. पालेभाजीच्या प्रत्येक चौरस मीटरमागे 40 ते 50 ग्रॅम खाद्य हा हिशेब असल्याने दीड चौरस मीटरचा वाफा याला बरोबर जुळतो. पालक, कोथिंबीर, पुदिना, अळू प्रथम लावावेत. टोमॅटो व मिरची संच जुना झाल्यावर. कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या दिसल्या तर लोहाची कमतरता समजून चिलेटेड लोह द्यावे. वाफ्यावर कीटकनाशक किंवा मोरचुदाचे कोणतेही द्रावण मात्र फवारू नये. मोरचुदातील तांबे माशांना मारक आहे.

विजेसंबंधी एक सूचना. पंप थांबला की पाण्यातील प्राणवायू घटतो, आणि उन्हाळ्यात गरम पाण्यात तो मुळातच कमी असतो. मोठे मासे असताना काही तासांच्या खंडानेही नुकसान होऊ शकते. बॅटरीवर चालणारा हवा सोडण्याचा लहान पंप जवळ ठेवावा. तो नसेल तर वीज येईपर्यंत खाद्य देऊ नये व तांब्याने पाणी उंचावरून पुन्हापुन्हा टाकीत ओतावे.

हा जोडधंदा आहे असे सांगून कोणास संच घ्यावयास लावू नये. यातून घरच्या ताटापुरती भाजी व वर्षातून काही मासे मिळतात. ज्यांच्याकडे मासे असलेले शेततळे आहे त्यांनी त्याचेच पाणी भाजीपाल्यास द्यावे, त्यांना हा खर्च करण्याचे कारण नाही. जागा व पाणी दोन्ही थोडे असलेल्या घरी मात्र याचा उपयोग आहे, कारण तेच पाणी फिरत राहते व बाष्पीभवनाने आणि झाडांच्या शोषणाने रोज कमी होणारे थोडे पाणीच भरावे लागते. अशा घरी कार्यकर्त्यांनी पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा तरी जावे, तपासणीची वही मागून पाहावी, आणि नायट्राइट उतरल्याची नोंद दिसेपर्यंत उरलेल्या बोटुकल्या आणू देऊ नयेत.