मागचा गिअर का सटकतो?

सायकल दुरुस्तीचा धंदा करणाऱ्या बांधवांसाठी या वेळी लिहीत आहोत. आमचा स्वतःचा धंदा कापडाचा. पण येडशीच्या बाजारात बसले की गिअरच्या सायकलीची एकच तक्रार कानावर येते : मागचा गिअर सटकतो. त्यावर पुष्कळ कारागीर एकतर सगळे स्क्रू फिरवून पाहतात, नाहीतर सरळ नवी चेन आणि नवे फ्रीव्हील सांगतात. पहिल्याने काम बिघडते, दुसऱ्याने गिऱ्हाईक तुटते. मर्ज ओळखल्याशिवाय दवा देणे हकिमालाही परवडत नाही.

आणि हा मर्ज साधा नाही. बार्शीकडून पांगरीमार्गे येडशीला येताना बालाघाटाचा चढ लागतो. चढावर माणूस पेडलवर उभा राहून जोर लावतो. त्याच क्षणी चेन सटकली तर तो तोंडावर पडतो, आणि मागे ट्रक असतात.

जुन्या साध्या सायकलीला मागे एकच चक्र. गिअरच्या सायकलीला मागे सहा-सात चकत्या, चेन इकडून तिकडे सरकवणारा डिरेलर आणि त्याला ओढणारी तार. पूर्वी स्वार हाताच्या अंदाजाने दांडी सरकवून गिअर बसवी. एका टिचकीला एक गिअर ही पद्धत जपानच्या शिमानो कंपनीने १९८४ साली आपल्या महागड्या मालात आणली, पुढे ती स्वस्त सायकलीतही आली. सोय झाली, पण अंदाजाला जागा उरली नाही. तार जराशी सैल पडली की टिचकी एका चकतीची आणि चेन दोन चकत्यांच्या मध्ये.

म्हणून पाना उचलण्याआधी गिऱ्हाइकाला विचारावे, सटकतो म्हणजे नेमके काय होते? चेन आपोआप शेजारच्या चकतीवर जात असेल तर दोष तारेचा किंवा डिरेलरच्या बैठकीचा. चेन त्याच चकतीवर राहून जोर लावला की दातांवरून उडत असेल तर दोष झिजेचा. पेडल फिरते, चेनही फिरते, पण चाक ओढले जात नाही, असे असेल तर फ्रीव्हीलमधले कुत्रे अडकले आहेत. ही तिसरी गोष्ट जुन्या कारागिरांना शिकवायला नको.

तारेचे काम असे. मागचे चाक अधांतरी फिरेल अशी सायकल ठेवावी. प्रथम मागे उभे राहून पाहावे. डिरेलर चकत्यांच्या सरळ रेषेत लोंबतो की आत वाकला आहे? सायकल उजव्या बाजूला पडली असेल तर त्याची बैठक, म्हणजे हँगर, वाकतो. तो सरळ केल्याशिवाय पुढची सारी मेहनत फुकट. मग चेन सर्वात लहान चकतीवर आणावी, तारेचा नट सोडून तार हाताने ताणून पुन्हा आवळावी आणि एक टिचकी द्यावी. चेन दुसऱ्या चकतीवर चढायला कुरकुरली तर तार सैल आहे. तार डिरेलरमध्ये शिरते तिथली फिरकी, मागून पाहता, घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवावी. चेन चढते पण उतरताना अडते, तर फिरकी सुलट फिरवावी. तरीही अडली तर तार कव्हरमध्ये गंजली आहे किंवा धुळीने जाम झाली आहे. ती बदलावी, हा खर्च फारसा नसतो.

डिरेलरवरचे दोन छोटे स्क्रू सटकण्यासाठी नाहीतच. ते फक्त दोन्ही टोकांची हद्द ठरवतात. मोठ्या चकतीकडची हद्द सैल केली तर चेन थेट आऱ्यांत जाते आणि चाक जागीच जाम होते. विनाकारण त्यांना हात लावू नये.

आता झीज. इथे आमच्या धंद्यातली सवय उपयोगी पडते : नजरेवर विश्वास नाही, माप घ्यायचे. चेनच्या दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच. म्हणजे चोवीस अंतरे बरोबर १२ इंच. पोलादी पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरावा, चेन ताणलेली असावी. चोविसाव्या अंतराची पिन १२ इंचांवर आली तर चेन ठीक आहे. इंचाचा सोळावा भाग पुढे गेली तर चेन बदलावी, चकत्या बहुधा वाचतात. आठवा भाग पुढे गेली तर चकत्याही त्याच झिजेच्या झाल्या, दोन्ही बदलावे लागतील. नुसती नवी चेन घातली तर ती जुन्या दातांवरून उडणारच, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडायला दारात. मात्र चेन ठरावीक अंतराने एकदाच झटका देत असेल तर पट्टी काढण्याआधी उलटे पेडल मारून ताठ झालेली कडी शोधावी. ती दोन्ही बाजूंना हलवून मोकळी केली, तेलाचा थेंब दिला की काम संपले.

पट्टीचे माप गिऱ्हाइकासमोर घ्यावे. नव्या चेनचा तुकडा शेजारी धरून दाखवला की किमतीवरून घासाघीस होत नाही. सायकल परत देताना मधल्या गिअरवर, चढावर, स्वतः बसून जोर लावून पाहावे. सपाट रस्त्यावर झिजलेली चेनही निमूट चालते.